सॉरीच्या जागी

मायरा : ते नंतर. आधी सांग, ही बेल्ट कुणाची आहे?

मीनाक्षी : हा पट्टा. कुणाचा आहे.

मायरा : आई, सब्जेक्ट चेंज नको करू. मी टिश्यू शोधत होते तुझ्या बॅगेत. आत पांढरा पायजमा, पांढरा जॅकेट, आणि ही बेल्ट. तू मला म्हणालीस, हॅरोला येतेच आहेस तर मला हॉलवर सोड, मंडळाचा मीटिंग आहे.

मीनाक्षी : मंडळाची. मीटिंग ती.

मायरा : आई.

मीनाक्षी : माझा आहे. सगळं माझंच आहे. ते परत नीट घडी करून ठेव, सकाळी इस्त्री केलीय.

मायरा : कराटे?

मीनाक्षी : हो, कराटे.

मायरा : तू?

मीनाक्षी : अगं मीच. दर मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी सात ते साडेआठ, ह्या समोरच्या हॉलमध्ये. सप्टेंबरपासून. आणि आज अकरा वाजता माझी परीक्षा आहे, पिवळ्या पट्ट्याची. आता किती वाजले?

मायरा : दहा वीस. वेट. सप्टेंबरपासून? आता जून आहे. बाबांना माहीत आहे?

मीनाक्षी : त्यांना वाटतं, मी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला जाते.

मायरा : नऊ महिने? कुठलं नाटक?

मीनाक्षी : ते विचारतात कुठे. एकदाच विचारलं होतं, तुझं काम काय आहे म्हणून. मी म्हटलं, मुकी भूमिका आहे.

मायरा : ओ माय डेज.

मीनाक्षी : हसू नकोस.

मायरा : मी हसत नाही. आय ॲम ॲक्चुअली क्रॉस विथ यू. आई, तू पंचावन्न आहेस. मी फिजिओ आहे. रोज वॉर्डवर मी तुझ्या एजच्या बायका बघते, किचनमध्ये स्लिप झाल्या आणि हिप गेला. आणि तुझा स्कॅन मी वाचला आहे, लेटर मीच ओपन केली होती. तुझी हाड थिन आहे.

मीनाक्षी : हाडं. पातळ नव्हे, ठिसूळ म्हणायचं.

मायरा : व्हॉटेव्हर. बोन म्हणजे हाड. माझी मराठी रबिश आहे पण हा एक शब्द मला पक्का येतो, माझा कामाचा शब्द आहे. आणि तुझी हाडं ठिसूळ आहेत आणि तू लोकांशी मारामारी करतेस.

मीनाक्षी : मारामारी कुठली. आम्ही हवेत मारतो. कुणी कुणाला हात लावत नाही, आपटाआपटी तर नाहीच. आणि तूच म्हणाली होतीस ना, शरीराचा भार हाडांवर येईल असा व्यायाम कर म्हणून?

मायरा : मी वॉकिंग म्हटलं होतं! पार्कमध्ये. डफोडिल्स वगैरे.

मीनाक्षी : चालून डोक्यातलं जात नाही गं. चालताना मी तेच तेच बोलत असते मनात.

मायरा : काय तेच तेच?

मीनाक्षी : जाऊ दे. वीस मिनिटांनी आत जायचंय मला.

मायरा : नाही, सांग. नाहीतर मी गाडी स्टार्ट करते आणि थेट ईलिंगला माझ्या फ्लॅटवर. चाइल्ड लॉक पण लावते.

मीनाक्षी : बरं. गेल्या उन्हाळ्यात मी आठवडाभर घरी होते, तुला सांगितलं होतं की खोकला झालाय.

मायरा : हो, चेस्ट इन्फेक्शन.

मीनाक्षी : ते खोटं होतं. आमच्या दवाखान्यात रिसेप्शनवर सकाळी आठला फोन उघडतात, तुला माहितीये. आठ वाजून सहा मिनिटांनी सगळ्या अपॉइंटमेंट संपलेल्या असतात. मग सहा मिनिटांपासून संध्याकाळपर्यंत मी लोकांना नाही म्हणते. ते ओरडतात, मी म्हणते, आय डू अंडरस्टँड, आय ॲम सो सॉरी. त्या दिवशी एक बाई काचेवर दोन्ही हातांनी मारत होती. तिचंही चुकत नव्हतं, नवरा आजारी होता तिचा. मी तिला सॉरी म्हटलं, उठले, आणि स्टेशनरीच्या कपाटात जाऊन दार लावून बसले. श्वासच येईना. नताली नर्सनं मला शोधून काढलं. बीपी एकशे ब्याऐंशी.

मायरा : आई. तू मला का नाही सांगितली?

मीनाक्षी : सांगितलं नाहीस, असं म्हण. तुझ्या स्वतःच्या परीक्षा चालल्या होत्या. आणि सांगून काय, तू पळत आली असतीस. नताली म्हणाली, मीनाक्षी, तुझं सगळं आत साठलंय, ते बाहेर काढायला काहीतरी शोध. बाहेर पडले तर आमच्याच नोटीसबोर्डावर कागद. बिगिनर्स कराटे, सर्व वयोगट, पहिला वर्ग मोफत. तो कागद मीच लावला होता तिथे, दोन महिन्यांपूर्वी. वाचला नव्हता फक्त.

मायरा : आणि तू गेलीस. साडी नेसून?

मीनाक्षी : काहीतरीच काय. ट्रॅकसूट घालून. पण वेंधळेपणा केलाच. शिकवणारा टोबी म्हणून आहे, सत्तावीस वर्षांचा, दिवसा पोस्टमन असतो. सगळ्यांनी त्याला वाकून नमस्कार केला जपानी पद्धतीनं. मी रांगेत शेवटची. माझ्या डोक्यात गुरू म्हटल्यावर एकच. मी सरळ खाली वाकले आणि त्याच्या पायाला हात लावला.

मायरा : नो.

मीनाक्षी : बिचारा दोन हात मागे उडाला. त्याला वाटलं मला चक्कर आली. फर्स्ट एडची पेटी आणली, खुर्ची आणली, बिस्किट आणलं. मी बिस्किट खाल्लं, काय करणार.

मायरा : आय लव्ह हिम. ओके. आय ॲम स्टिल क्रॉस, बट आय लव्ह हिम.

मीनाक्षी : टोबीसर फार चांगलं शिकवतो. सेन्सेई म्हणायचं असतं, पण माझ्या तोंडात सरच येतं. आणि मायरू, तुला काय सांगू, पहिल्या दिवशी मूठ वळून मी नुसती हवेत मारली ना, शंभर वेळा, एक-दोन-एक-दोन, घरी जाताना मला कळलं की दीड तासात माझ्या डोक्यात एकदाही फोन वाजला नव्हता. मी गाडीत बसून रडले आणि मग चिप्स घेतले.

मायरा : तुझा बीपी आता किती आहे?

मीनाक्षी : तुझं. एकशे अठ्ठावीस. नतालीनं कागदावर लिहून दिलंय, दाखवू?

मायरा : दाखव. ओके, दॅट्स गुड. दॅट्स रिअली गुड, आई. मग प्रॉब्लेम काय आहे? तू सारखी टाइम का विचारतेस? तू सगळं प्रॅक्टिस केलीस ना?

मीनाक्षी : हालचाली सगळ्या पाठ आहेत. आंघोळीला गेले तरी बाथरूममध्ये वळणं घेते. प्रॉब्लेम ओरडण्याचा आहे.

मायरा : ओरडण्याचा?

मीनाक्षी : ह्यात वीस हालचालींचा एक क्रम असतो, त्याला काता म्हणतात. त्यात दोन जागी मूठ मारताना पोटातून ओरडायचं असतं. नुसतं तोंडानं नाही. ओरडलं नाही तर पास करत नाहीत. मार्चमध्ये मी एकदा बसले होते परीक्षेला.

मायरा : अँड?

मीनाक्षी : नापास.

मायरा : आवाज नाही आली?

मीनाक्षी : आला. त्याचाच तर घोटाळा. पाऊल बरोबर पडलं, मूठ बरोबर गेली, अख्खा हॉल शांत, आणि माझ्या तोंडातून आलं, सॉरी.

मायरा : नो, आई, नो.

मीनाक्षी : स्पष्ट. सॉरी. परीक्षक बाई म्हणाल्या, डोन्ट बी, कॅरी ऑन. दुसऱ्या जागी पुन्हा तेच. सॉरी. हस तू, मी पण हसले असते.

मायरा : मी हसत... सॉरी. ओ गॉड, आता मी म्हटलं.

मीनाक्षी : त्यानंतर मी प्रॅक्टिस करायला लागले. पण हॅरोमध्ये ओरडायचं कुठे, तूच सांग. घर सेमी-डिटॅच्ड, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत. पार्कात ओरडलं तर कुणीतरी पोलिसांना फोन करणार. मग मला सुचलं, कार वॉश.

मायरा : कार वॉश?

मीनाक्षी : ते ब्रशवालं. काचा बंद करून आत बसायचं, सगळीकडे फेस, धडधड आवाज, कुणाला काही दिसत नाही, ऐकू जात नाही. आठवड्यातून तीनदा जाते.

मायरा : म्हणून! म्हणून बाबा सगळ्यांना सांगतात, मीनाक्षी गाडी किती स्पॉटलेस ठेवते!

मीनाक्षी : श्रीनिवासना गाडीचं भारी कौतुक. पण तिथंही येत नाही गं. तोंड उघडते, पाणी बघते, ब्रश येतो, ब्रश जातो, आणि हिरवा दिवा लागतो. मागचा माणूस हॉर्न देतो. हात वर करून त्याला सॉरी म्हणते आणि बाहेर येते.

मायरा : पण का? तू... इंडियात पण अशीच होतीस?

मीनाक्षी : मी? डोंबिवलीला आमच्या तिसऱ्या मजल्यावरून मी तुझ्या मामाला हाक मारायचे, तर मैदानातली तिन्ही क्रिकेटं थांबायची. माझ्या आवाजावर शेजारच्या बायका घड्याळ लावायच्या. इथे लंडनला आले, पहिल्याच महिन्यात शेंगदाणे कुटत होते. दुसऱ्या दिवशी लेटरबॉक्समधून शेजाऱ्यांची चिठ्ठी. किती गोड चिठ्ठी होती. वुई वेअर जस्ट वंडरिंग, इफ इट्स नॉट टू मच ट्रबल. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, विसरून गेले असते. त्या दिवसापासून कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बंद करते. तुला अंगाई म्हटली तीसुद्धा कुजबुजत.

मायरा : मला वाटायचं अंगाई तशीच असते.

मीनाक्षी : नसते.

मायरा : ओके. आता मी एक गोष्ट बोलू? तू अपसेट नको होऊ.

मीनाक्षी : बोल.

मायरा : तू सॉरी म्हणालीस एक्झाममध्ये, त्याचं मला सरप्राइज नाही वाटली. तू कुत्र्याला पण सॉरी म्हणालीस.

मीनाक्षी : कुठल्या कुत्र्याला?

मायरा : तुला माहीत आहे कुठल्या. रेक्रिएशन ग्राउंड. मी सहा वर्षांची होते. तो मोठा ब्राउन कुत्रा माझ्या अंगावर आला, मी पडले, माझी चिन फुटली. तीन टाके. आणि तो माणूस दुरून म्हणाला, ही इज ओन्ली बीइंग फ्रेंडली. आणि तू काय म्हणालीस?

मीनाक्षी : मायरू.

मायरा : तू म्हणालीस, सॉरी. त्याला. आणि मग खाली बघून कुत्र्याला पण. माझ्या टीशर्टवर सगळा ब्लड होता आणि तू त्यांना सॉरी म्हणालीस. मी खूप वर्षं विचार केला, आईनं माझ्या साइडनं काही का नाही बोलली.

मीनाक्षी : तुला एवढं सगळं आठवतंय, हे मला माहीत नव्हतं.

मायरा : मी रोज आरशात बघते ना. खूण आहे.

मीनाक्षी : मी पण बघते. तू घरी आलीस की आधी हनुवटीच बघते. शब्द तोंडाशी आला होता, मायरा. अगदी इथपर्यंत. डोंबिवलीत असते तर विचार करायच्या आत बाहेर पडला असता. पण इथे कुत्र्याला तसं म्हणायचं नसतं, इथे कुत्र्याला आधी हॅलो म्हणतात, मग माणसाला. मी गिळला तो शब्द.

मायरा : काय शब्द?

मीनाक्षी : राहू दे. तुला नाही कळायचा.

मायरा : शिवी होती?

मीनाक्षी : शिवी नाही. साधा आहे. किती वाजले?

मायरा : दहा चाळीस.

मीनाक्षी : जाऊ देतेस ना मला? खरं सांगू, तू नाही म्हणालीस तर मला आज सुटल्यासारखं वाटेल, आणि मग मी कधीच जाणार नाही.

मायरा : पडणं नाही. प्रॉमिस?

मीनाक्षी : पडणं नाही.

मायरा : आणि मी आत बसणार. बेंचवर. जर तुझा रिस्ट मला वीअर्ड दिसला, तर मी एक्झाम थांबवणार, तिथे ब्लॅक बेल्ट असो की कोणी असो.

मीनाक्षी : बस. हे घे, बांगड्या धर. मंगळसूत्र पण. दागिने चालत नाहीत. पर्समध्ये टाकू नकोस, मुठीतच ठेव.

मायरा : ठेवते. आणि ओरडताना काय ओरडायचं असतं? हाय-या?

मीनाक्षी : टोबीसर म्हणतो, जपानहून आवाज आणू नका. जो तुमचा असेल तो येऊ दे.

मायरा : आणि तुझा कुठला आहे?

मीनाक्षी : तेच तर मी नऊ महिने शोधतेय. चल, दार उघड.

(दीड तासानंतर. तीच गाडी, तीच जागा.)

मायरा : बेल्ट लाव. नाही, सीटबेल्ट! तो पिवळा सोड आता, आई, सोड, मी तुझा फोटो काढलाय, चाळीस काढलेत.

मीनाक्षी : तू बघितलंस? तू नीट बघितलंस ना?

मायरा : सगळ्या हॅरोनं बघितलं! शेजारच्या रूममध्ये टॉडलर ग्रुप होता, तिथला एक बेबी रडायला लागला. चहाच्या त्या मोठ्या भांड्याचा झाकण वाजला, आय स्वेअर. आणि जेमिमा, ती चीफ एक्झामिनर, सिल्व्हर केसांची, ती एक स्टेप मागे गेली. ब्लॅक बेल्ट. मागे गेली!

मीनाक्षी : मला काहीच दिसत नव्हतं. मला क्रमानं सांग.

मायरा : ओके. स्टार्ट केलीस तू. डाव्या बाजूला, टर्न, सगळं परफेक्ट, तुझे गुडघे इतके छान, मी विचार करत होते की माझे पेशंट्स इथे पाठवू का. मग पहिली जागा आली ओरडायची.

मीनाक्षी : तिथं सॉरी आलं नाही. पण दुसरंही काही आलं नाही.

मायरा : नथिंग. तोंड उघडं, गोल्डफिश. जेमिमानं पेपरवर काहीतरी लिहिली. टोबीनं डोळे बंद केले. मी पण बंद करणार होते.

मीनाक्षी : मला वाटलं, झालं. कार वॉशसारखंच झालं. आता उरलेलं नीट करायचं, वाकायचं, घरी जायचं, आणि श्रीनिवासना सांगायचं की नाटक बंद पडलं. मग शेवटचं वळण आलं. त्या वळणाला तोंड बेंचच्या बाजूला होतं. आणि तू बसली होतीस. एका मुठीत माझं मंगळसूत्र आणि दुसरा हात हनुवटीवर.

मायरा : मी टेन्शन आलं की असं करते.

मीनाक्षी : मला माहितीये, कधीपासून करतेस तेही माहितीये. मी हाताकडे बघितलं आणि मग मूठ कशी गेली, पाऊल कधी पडलं, काही कळलं नाही. पायापासून आला तो. मी काढला नाही, मायरू, तो आला.

मायरा : हाड!

मीनाक्षी : हळू. नाही, हळू नको. म्हण.

मायरा : हाड! सो गुड. आणि मग जेमिमा म्हणाली, दॅट वॉज एक्स्ट्राऑर्डिनरी, व्हॉट वॉज द वर्ड? तू नुसती उभी, धापा टाकत. कोणीतरी सांगायला पाहिजे ना. मग मी बेंचवरून उठले आणि लाउडली म्हणाले, इट्स मराठी. इट मीन्स बोन.

मीनाक्षी : तू काय सांगितलंस?

मायरा : बोन! ॲज इन, फ्रॉम द बोन्स. आणि ती म्हणाली, ऑफ कोर्स, पॉवर कम्स फ्रॉम द बोन. तिनं फॉर्मवर लिहिलं. टोबी इतका हॅपी झाला, म्हणाला मंगळवारपासून सगळी क्लास तेच ओरडणार. तू ऐकली नाहीस? लास्टला सगळे लाइनमध्ये उभे राहून पंच मारत होते आणि ओरडत होते, बोन! बोन!

मीनाक्षी : मला वाटलं, सगळे फोन, फोन असं काहीतरी म्हणतायत. अरे देवा.

मायरा : काय झालं? का हसतेस? मी चुकीचा सांगितला? हाड म्हणजे बोन. तू मला सकाळी पण करेक्ट नाही केलीस, फक्त मेनी बोन्स केलंस.

मीनाक्षी : थांब, मला हसू दे. दम लागलाय. म्हणजे म्हणूनच सोलोमन तसे.

मायरा : कोण सोलोमन? तो चष्मेवाला अंकल? सोल?

मीनाक्षी : तेच. सत्तर वर्षांचे आहेत, माझ्याबरोबर पांढऱ्या पट्ट्यात. नऊ महिने माझ्या शेजारी उभे राहतात, इंग्लिशमध्ये हवापाण्याचं बोलतो आम्ही. मला वाटायचं, सायप्रसचे वगैरे असतील.

मायरा : तो वीअर्ड होता थोडा, आई. सगळे क्लॅप करत होते आणि तो रडत होता आणि हसत पण होता. आणि तुझ्याजवळ आला आणि मराठीत काहीतरी विचारला. मला वाटलं मी रॉंग ऐकलं. तो म्हणाला, कुत्रा कुठं गेला.

मीनाक्षी : अगदी बरोबर ऐकलंस. म्हणाले, बाई, कुत्रा कुठं गेला. सोलोमन नागावकर. भायखळ्याचे. ज्यू आहेत, मुंबईचे, पन्नास वर्षं झाली इथे येऊन. म्हणाले, घरी मराठी बोलायला आता कुणी उरलं नाही. त्यांची आई दाराशी उभी राहून अस्संच ओरडायची, असं म्हणाले. त्यांनी माझा हातच सोडला नाही. मंगळवारी लवकर या, आधी अर्धा तास गप्पा मारू, म्हणाले.

मायरा : ओ, दॅट्स सो लव्हली. पण डॉग का? त्याची आई बोन म्हणून का ओरडायची?

मीनाक्षी : बोन नाही गं बाळा. बोन म्हणजे हाड, ते बरोबर. पण ओरडून म्हटलं ना, हाड! की ते हाड वेगळं. ते कुत्र्याला हाकलायला म्हणतात. अंगावर आला की. चल, हो मागे, दूर हो. सगळं त्यात येतं.

मायरा : वेट. मी चीफ एक्झामिनरला सांगितलं की... आणि तिनं इंकमध्ये लिहिलं. आणि सगळी क्लास आता...

मीनाक्षी : ओरडू देत. बोन तर बोन. कुत्र्याला चालेल.

मायरा : ओ माय गॉड, आई. मला बाबांना फोन करायचा आहे. आत्ता. तू सांग नाहीतर मी सांगते.

मीनाक्षी : घरी जाऊन मी दाखवते त्यांना. हॉलमध्ये उभं करून दाखवते. भिंतीपलीकडे ऐकू गेलं तर जाऊ दे. चिठ्ठी टाकतील, मी वाचेन.

मायरा : हे मला रेकॉर्ड करायचं आहे. चल, सीटबेल्ट. आई? थांब.

मीनाक्षी : काय?

मायरा : तो शब्द. रेक्रिएशन ग्राउंडमध्ये. तू म्हणालीस, गिळला.

मीनाक्षी : हो.

मायरा : तो हा होता?

मीनाक्षी : हाच होता. दोन अक्षरं आहेत, बघ. दोन अक्षरं बाहेर पडायला मला एकोणीस वर्षं लागली. तुला तेव्हा हवी होती ती. तुझ्या टीशर्टला रक्त लागलं होतं आणि मी तुला उचलायच्या आधी त्या माणसाची समजूत काढत होते. मला त्याची लाज वाटते, मायरा, रोज वाटते. फार उशीर झाला. सॉरी.

मायरा : नो. तो शब्द नाही आज.

मीनाक्षी : बरं.

मायरा : मी तिथे बसले होते, आई. अगदी समोर. मला ऐकू आली. तुझी आवाज.

मीनाक्षी : हं.

मायरा : काय? चुकलं? तुझी... तुझा?

मीनाक्षी : नाही गं. बरोबर आहे.